बिनधुराचं वर्ष

मला ती इमारत पहिल्या दिवसापासून आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याकडून दोन्ही बाजू समजून घेण्याची अपेक्षा कोणी ठेवायला नको. इतक्या वर्षांत मला दुसरी बाजू सापडलेली नाही आणि मी ती शोधायलाही गेले नाही.

शहापूरहून शेणव्याला आलं की पुढे एक फाटा आमच्या गावाकडे वळतो. गावात शिरताना डाव्या हाताला माळ होता. तिथं गुरं चरायची. माळ संपला की आमची भातखाचरं. ज्यांच्या नावावर माळ होता त्यांनी तो मुंबईच्या एका कंपनीला विकला आणि कंपनीने त्यावर आपल्या साहेबलोकांसाठी प्रशिक्षण केंद्र बांधायला घेतलं. दोन हजार सालानंतरचा हा काळ. भारनियमनामुळे गावात निम्मा दिवस लाइट नसायची. मी मुरबाडच्या पलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि सुट्टी लागली की आयकडे यायचे. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आय आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच.

इमारतीची जागा बघायला त्यांचे लोक श्रावणात आले होते. मी तेव्हा घरीच होते. सगळीकडे हिरवंगार, खाचरांत गुडघाभर भात, आभाळ धुतलेलं. ते बघून त्यांनी जेवणाच्या दालनाची काचेची भिंत आमच्या शेताकडे तोंड करून घेतली आणि उतरतं छप्पर दक्षिणेला, बरोबर आमच्या बांधावर. त्या छपरावर सूर्याच्या उजेडावर वीज करणारी पॅनल बसली. वैशाखात तिथं काय असतं हे बघायला त्यांच्यातला एकही माणूस आला नाही, आणि कोणाला विचारावं असंही त्यांना वाटलं नाही.

केंद्र सुरू झाल्यावर त्यांनी गावातल्या लोकांना एकदा आत नेऊन सगळं दाखवलं. दाखवायला मुंबईहून एक तरुण बाई आली होती. इमारतीला 'हरित' असल्याचं प्रमाणपत्र मिळवून देणं हे तिचं काम. पावसाचं पाणी साठवलं की गुण, माती-दगड जवळपासचे वापरले की गुण, उरलंसुरलं अन्न खड्ड्यात कुजवून खत केलं की गुण. पॅनलचे तर भरपूर गुण, कारण ती साधी नव्हती, 'हाय-एफिशियन्सी' होती, थोड्या जागेत जास्त वीज देणारी. माझ्या शाळेत मी हजेरीला आणि स्वच्छ नखांना गुण द्यायचे, त्यामुळे ही पद्धत मला चांगली ठाऊक होती. तपासणीच्या दिवशी सगळ्यांचीच नखं स्वच्छ असतात. मी तिला विचारलं, एवढी वीज होते तर थोडी गावाला देता येईल का? ती गोड हसली आणि म्हणाली, तो पुढचा टप्पा आहे. तो टप्पा अजून आलेला नाही. दालनात एसी चालू होता, आणि बाहेर आल्यावर आय म्हणाली, "आत थंडी वाजली गो."

भाऊ त्या केंद्रात फाटकावर लागला. निळा शर्ट, कंबरेला पट्टा, गळ्यात शिट्टी. त्याला चिखलाचा लहानपणापासून तिटकारा. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत त्याचं पोट दुखायचं, पाय मुरगळायचा, काही ना काही व्हायचंच. म्हणून नोकरी लागली तेव्हा आयलाही बरं वाटलं, मलाही वाटलं. पण ती नोकरी कच्ची होती. केव्हाही काढतील अशी. कायम होण्यासाठी तो मॅनेजरच्या मागेपुढे करायला लागला, आणि इस्त्रीचा शर्ट घालून घरात असा वावरायला लागला की जेवताना आयने त्याच्या ताटाखाली पाट ठेवावा. आय ठेवायचीसुद्धा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आता राबाबद्दल सांगायला हवं, कारण शिकल्यासवरल्या लोकांनाही राब म्हणजे कचरा जाळणं वाटतं. आमच्याकडे भाताचं बी सरळ खाचरात पेरत नाहीत. आधी एका लहान तुकड्यात रोप करायचं, मग ते उपटून खाचरांत लावायचं, तीच आवणी. तो लहान तुकडा पावसाआधी भाजून घ्यावा लागतो. खाली शेणाचा थर, त्यावर झाडांची छाटलेली डहाळी, त्यावर पातेरा म्हणजे गळलेला वाळका पाला, वर गवत, आणि सगळ्यावर बारीक माती भुरभुरायची, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत पुढे सरकते. ह्या रचलेल्या ढिगाला राब म्हणतात. पेटवायचा तो वाऱ्याच्या उलट बाजूने. जमिनीतलं गवताचं बी मरतं, राखेचं खत होतं, आणि रोप असं तरारून येतं की आवणीला मुठीत मावत नाही. शेण दिवाळीपासून साठवायचं, डहाळी थंडीत तोडून वाळवायची. पाच-सहा महिन्यांची मेहनत असते ती. ती एका दिवसात जळते आणि तिच्यावर वर्षाचा भात उभा राहतो.

बाकी गावाचे राब ओढ्याच्या पलीकडे होते. आमचाच तेवढा कंपनीच्या कुंपणभिंतीला लागून. आणि आय सगळ्यांच्या शेवटी भाजायची. लवकर भाजलं तर वारा राख उडवून नेतो असं तिचं म्हणणं. गाव भाजून मोकळं झालं तरी आमचा राब रचलेला पडून असायचा.

पहिल्या वर्षी धूर जायचा तिथं गेला. पॅनलवर काजळी बसली, वीज कमी झाली, आणि त्यांच्या माणसांनी ऐन उन्हाळ्यात बोअरचं पाणी पाइपाने मारून ती धुतली. भिंतीच्या अलीकडे आमच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर ते पाणी छपरावरून ओघळून पन्हळीत गेलं. साठवणीच्या टाकीत गेलं म्हणे. त्याचेही गुण असतील.

दुसऱ्या वर्षी त्या प्रमाणपत्रासाठी तपासणी होती. चैत्र संपता संपता मॅनेजर स्वतः बांधावर आला. डोंबिवलीकडचा माणूस, बोलायला गोड. आयला मावशी म्हणायचा. आयला तिच्या बहिणींच्या मुलांखेरीज कोणी मावशी म्हटलेलं खपत नाही.

"मावशी, यंदा हा कचरा जाळू नका. तपासणीला माणसं येणार आहेत."

"कचरा नाय तो. राब हाय."

"तेच ते. आम्ही तुम्हाला तयार रोपं देऊ, ट्रेमध्ये वाढवलेली. धूर नाही, राख नाही. तुमचा त्रास वाचला."

"माजा तरास माजा मी बगीन. रोप मी माजंच लावनार."

तो हसत हसत परत गेला आणि त्याने भावाला बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते भावानेच जेवताना सांगितलं. धूर तुझ्या घरचा आहे, तूच बघ, कायम व्हायचंय ना.

"आये, यंदा राब नको भाजू," तो म्हणाला.

"मग खाशील काय?"

"दुकानात तांदूळ मिलतो."

आमच्या घरात तांदूळ कधी दुकानातून आला नव्हता. कमी पिकला त्या वर्षी नाचणी खाल्ली, पण तांदूळ आणला नाही. आयने त्याला आणखी भात वाढला. मीच म्हणाले, "तपासणीची तारीख विचारून ये. तेवढे दिवस थांबू. आय शेवटीच भाजते ना, आणखी चार दिवसांनी भाजेल." आय त्याला तयार होती. मान हलवून तिने तसं सांगितलंही. तो म्हणाला, "इचारतो, ताय." त्याने विचारलं नाही. मी पुन्हा टोकलं तेव्हा म्हणाला, त्यांचं नक्की नाय, आज येतील, उद्या येतील.

वैशाखात सिद्धगडाच्या पायथ्याला आयच्या माहेरी लग्न होतं. तिच्या भावाच्या मुलीचं. हळदीपासून पाठवणीपर्यंत राहायचं, मग परत आल्यावर राब भाजायचा, असं आयने ठरवलं. भावाला ड्युटी होती, म्हणून आम्ही दोघीच गेलो. निघताना आय राबाभोवती एक फेरी मारून आली. एका कोपऱ्यात माती कमी वाटली म्हणून घमेलंभर आणून टाकली, आणि नव्या साडीवर धूळ उडाली म्हणून मी तिच्यावर करवादले.

परत आलो तेव्हा राब नव्हता. जळलेला नव्हता, नव्हताच. जमीन झाडून घेतलेली, ट्रॅक्टरच्या चाकांचे वळ भिंतीतल्या मागच्या फाटकापर्यंत गेलेले. आय बांधावर पिशवी हातात धरून उभी राहिली. मी गुरांचा, पोरांचा, चोरांचा, सगळ्यांचा विचार करून पाहिला. तिने केला नसावा, कारण ती सरळ घरी गेली आणि भावाची वाट बघत ओटीवर बसली.

तो आला. मी विचारलं, "राब कुठं आहे?"

"खड्ड्यात," तो म्हणाला. "मॅनेजरसाहेब बोलले, खताचा खड्डा रिकामा दिसतो. तपासणीला भरलेला लागतो."

म्हणजे धुराचा प्रश्नच नव्हता. हे कळायला मला थोडा वेळ लागला. खत करायचा खड्डा त्यांनी खणला होता, पण साहेबलोक ताटात फारसं टाकत नसावेत किंवा टाकलेलं कोणी खड्ड्यापर्यंत नेत नसावं. खड्डा कोरडा ठणठणीत. तपासणीवाल्यांना दाखवायला शेण आणि पाला हवा होता, आणि तो भिंतीला लागून रचून तयार होता. ट्रॅक्टरवाल्याला बांधाची वाट दाखवायला माझा भाऊ पुढे चालत गेला होता. तपासणीची माणसं आम्ही परतलो त्याच्या आदल्याच दिवशी येऊन गेली होती. आम्ही तेव्हा लग्नात जेवत होतो. राब तसाच ठेवला असता तर तो त्या दिवशी पेटलाच नसता, कारण पेटवणारी बाई गावात नव्हती. हे भावाला माहीत होतं. तपासणीचा दिवसही त्याला माहीत होता.

मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो खाली मान घालून ऐकत होता आणि मधेच म्हणाला, "मी काय करू, ताय? नाय बोललो असतो तर दुसऱ्याला ठेवला असता." आयने एवढंच विचारलं, खड्ड्यातून परत काढता येईल का. तो म्हणाला, पाणी सोडलंय, वर कसलं तरी औषध मारलंय, कुजायला. आय उठली, आत गेली आणि भाकऱ्या थापायला बसली. त्याच्यासाठीही थापल्या. मला ते सहन झालं नाही.

पावसाला थोडेच दिवस उरले होते. नव्याने शेण कुठून आणायचं, गुरांचा माळच गेलेला. गावाचे राब भाजून झालेले, कोणाकडे पाला शिल्लक नाही. आयने न भाजलेल्या जमिनीतच बी टाकलं. पाऊस पडला तसं आधी गवत वर आलं, मग गवताच्या सावलीत पिवळं, काडीसारखं रोप. आय रोज बसून गवत काढायची, रविवारी आले की मीही, आणि गवताबरोबर रोप निघायचं. कंपनीने शब्द दिल्याप्रमाणे ट्रे पाठवले, हे कबूल करते. बोटभर उंचीची, सारखी कापलेली, फार सुरेख रोपं होती. आमची खाचरं खोलगट, आवणीनंतर पाणी तुंबतं, आणि ती त्यात बुडाली. पाणी उतरलं तेव्हा चिखलात नुसता हिरवा शेवाळ्यासारखा थर होता. शेजाऱ्यांनी आपली उरलेली रोपं दिली, त्यात वरचं एक खाचर लागलं. बाकी तशीच राहिली.

आश्विनात सगळ्या गावात कापणी चालू असताना आय शहापूरला जाऊन दुकानातून तांदूळ घेऊन आली. शेजारच्या बाईला दिसू नये म्हणून पिशवीवर लुगडं टाकून आणला. पहिला भात शिजला तेव्हा तिने वास घेतला आणि म्हणाली, "कसलाच वास नाय याला." भावाने दोनदा मागून घेतला.

त्याच महिन्यात प्रमाणपत्र मिळालं आणि त्याचा समारंभ ठरला. रविवार होता, म्हणून मी आले होते. गावाला जेवणाचं आमंत्रण. मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब, ती गुणांची बाई, फोटोवाला. मॅनेजर आदल्या दिवशी घरी येऊन सांगून गेला की मावशींचा सत्कार आहे. राब बंद करून धूरमुक्त शेती करणाऱ्या पहिल्या शेतकरी महिला. मी म्हणाले, आय, तू जाऊ नकोस. ती म्हणाली, "बोलावलंय तर जाऊ." तिने लग्नातली साडी नेसली.

काचेच्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. काचेतून आमची खाचरं दिसत होती, वरचं एक पिवळं आणि बाकीची गवताने माजलेली. साहेबलोकांना ती गवताची हिरवाई आवडली असावी, कारण फोटोवाल्याला त्यांनी तेच मागे घ्यायला सांगितलं. साहेबांना मराठी कळत नव्हतं. मावशी दोन शब्द बोलतील आणि त्यांची शिक्षिका कन्या ते हिंदीत सांगेल, असं मॅनेजरने परस्पर जाहीर करून टाकलं. मी उठून आयजवळ उभी राहिले. साहेबांनी शाल उघडली तेव्हा आयने हात आडवा धरला.

"मी राब बंद केला नाय," ती म्हणाली. आवाज नेहमीचा, पाणी आणायला सांगतानाचा. "मी लग्नाला गेले व्हते. माज्या मागं यानी राब नेला. माज्या पोरानी. तुमचा खड्डा भराया. यंदा माज्या घरात भात नाय. शाल याची हाय, याला द्या."

भाऊ दाराशी ड्युटीवर उभा होता. मी हिंदीत सगळं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही, एक अक्षर मऊ केलं नाही. खड्डा सांगितला, मुलगा सांगितला, घरात भात नाही हेही सांगितलं. सगळं संपेपर्यंत मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. मला ते तोंड पडलेलं बघायचं होतं.

ते पडलं नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाले की हेच तर हवं आहे, नव्या पिढीने स्वतः पुढाकार घेतला, जुन्या सवयी सोडताना सुरुवातीला थोडं नुकसान होतंच. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. ती बाई, मॅनेजर, पुढच्या रांगेतले सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. गावातल्या कोणी हात उचलला नाही. साहेबांनी भावाला पुढे बोलावलं. आयने त्यांच्या हातातून शाल घेतली आणि स्वतः त्याच्या खांद्यावर, त्या निळ्या शर्टावर घातली, दोन्ही टोकं पुढे ओढून नीट केली. तिचे हात त्याच्या छातीवर असताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. फोटो निघाला. मग जेवणं झाली आणि आय न जेवता घरी आली.

तो कायम झाला. अजून तिथंच आहे. फोटोही आत लावलेला आहे असं ऐकते.

पुढच्या थंडीत आयने पुन्हा डहाळी तोडायला घेतली. शेण तिने गावभर फिरून, टोपलीने मागून जमवलं. वैशाखात मी सुट्टीवर आले आणि आम्ही दोघी राब रचायला बसलो तेव्हा तो आला, सुट्टीच्या दिवशी, जुनी पँट घालून, हातात फावडं. त्याने आपणहून हातात फावडं धरलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. माती टाकतो म्हणाला.

आय म्हणाली, "तू नको. तुला धूर लागंल."

तो जरा वेळ बांधावर थांबला आणि गेला. आयने वारा बघून राब पेटवला. धूर भिंतीवरून सरळ पॅनलकडे गेला. केंद्रातून कोणी विचारायला आलं नाही, मॅनेजरही नाही, कारण तपासणी होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ निळ्या शर्टात शिडीवर चढून आमच्या राबाची काजळी फडक्याने पुसत होता. आय बांधावर बसून बघत होती, तो उतरेपर्यंत. मीही तिच्या शेजारी बसून बघितलं. मला वाईट वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही.